दसरा ते बुद्धपौर्णिमा : फडाचा दौरा आणि फडाचा आवाज

दसरा उलटला की बारामतीजवळच्या सोमेश्वरनगरच्या पट्ट्यात दोन हंगाम एकदम उभे राहतात. एक कारखान्याचा. बॉयलरचे अग्निप्रदीपन होते, गव्हाणीत मोळी पडते आणि ऊसतोड टोळ्यांचे ट्रॅक्टर नीरा-बारामती रस्त्याने आत वळू लागतात. दुसरा हंगाम तमाशाचा. त्याच दिवसांत राज्यभरचे ढोलकी फड पेट्या भरून दौऱ्यावर निघतात आणि बुद्धपौर्णिमेपर्यंत खाली बसत नाहीत. २०२४ चा दसरा १२ ऑक्टोबरला होता आणि त्यापुढची बुद्धपौर्णिमा १२ मे २०२५ ला. म्हणजे बरोबर सात महिने, दोनशेहून अधिक रात्री. या रात्रींतल्या बहुतेक रात्री मोठा फड कुठल्या ना कुठल्या गावात उभा असतो.

आजच्या शाळकरी मुलांना गाण्याचा दौरा म्हटले की कोरियातला बीटीएस हा गट आठवतो. सात तरुणांच्या या गटाने २०१३ साली सोलमध्ये पदार्पण केले. ऑगस्ट २०१८ ते ऑक्टोबर २०१९ या काळात त्यांच्या ‘लव्ह युवरसेल्फ’ दौऱ्याचे ६२ कार्यक्रम झाले आणि ते सुमारे वीस लाख लोकांनी पाहिले. पुढे जुलै २०२५ मध्ये त्यांचा पहिला ‘लाइव्ह’ अल्बम आला, ‘परमिशन टु डान्स ऑन स्टेज’ या दौऱ्याचा. त्यात प्रेक्षकांसमोर गायलेली २२ गाणी आहेत. दौरा करणे आणि त्या दौऱ्यातला आवाज जपणे अशी ही दोन कामे. पहिल्या कामात तमाशाचे फड जगातल्या कोणत्याही फिरत्या कलापथकाच्या बरोबरीने उभे राहतील, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. दुसरे काम आपल्याकडे अर्धवट राहिले आहे आणि ते पुरे व्हायला हवे. हा लेख त्यासाठीच आहे.

बारामतीचा आणि लावणीचा संबंध कारखान्यांहून फार जुना आहे. बाबूजी नाईकांच्या आश्रयाने कवी मोरोपंत बारामतीला राहिले आणि १७९४ साली वारले. सोलापूरचे शाहीर राम जोशी यांची आणि मोरोपंतांची भेट झाली, मोरोपंतांनी त्यांची लावणी ऐकून प्रतिभा ओळखली आणि पुढे राम जोशी कीर्तनातून मोरोपंतांच्या आर्या गाऊ लागले, अशी हकीकत परंपरेने सांगितली जाते. फडावर डफ वाजवणारा शाहीर आणि पुराण सांगणारा पंडितकवी यांना एकमेकांची ओढ वाटावी, हे मला त्या काळातले फार मोठे लक्षण वाटते. तेव्हा शाहिराला आश्रय वाड्यांचा होता. नीरा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला आणि हळूहळू आश्रयदाता बदलला. कालव्याच्या पाण्यावर ऊस आला. इंदापूर तालुक्यात वालचंदनगर उभे राहिले. पुढे माळेगाव, सोमेश्वर आणि भवानीनगरचा छत्रपती हे सहकारी कारखाने आले. शेतकऱ्याच्या हातात उसाचे बिल पडू लागले, गावाच्या यात्रेची वर्गणी वाढली आणि जो तमाशा पूर्वी वाड्यापुढे व्हायचा तो गावाच्या नावाने ठरू लागला.

फडाच्या दौऱ्याचे दोन प्रकार आहेत. एक तंबूचा किंवा कनातीचा फड. तो स्वतःचा तंबू, रंगमंच, दिवे आणि जनरेटर घेऊन फिरतो आणि तिकीट लावून खेळ करतो. गल्ला भरला तर मालकाचा, पडला तरी मालकाचाच. दुसरा हंगामी फड. तो यात्रेची सुपारी घेतो आणि गावकऱ्यांनी ठरवलेल्या रकमेत मोकळ्या मैदानात सगळ्यांसाठी तमाशा करतो. मोठे तंबूवाले फडसुद्धा चैत्र लागला की सुपाऱ्यांकडे वळतात. याखेरीज संगीत बारी हा तिसरा, पण न फिरणारा प्रकार आहे. पुणे-सोलापूर रस्त्यावर चौफुल्याची कला केंद्रे त्यासाठी प्रसिद्ध आहेत. तिथे बैठकीची लावणी असते, वग म्हणजे कथानाट्य नसते. बारीची परंपरा स्वतंत्र आणि तितकीच मोलाची आहे, पण इथे विषय फिरत्या फडाचा आहे.

या दौऱ्याची आखणी जिथे होते ते नारायणगाव पुणे जिल्ह्यातच आहे, जुन्नर तालुक्यात. त्याला तमाशापंढरी म्हणतात. गुढीपाडव्याच्या सुमाराला तिथे फडांच्या राहुट्या पडतात. प्रत्येक राहुटीवर फडाच्या नावाची पाटी, आत व्यवस्थापक आणि समोर तारखांची वही. गावोगावचे पंच तिथे येतात, दोन-चार राहुट्या फिरतात, कोणाच्या फडात यंदा कोण सोंगाड्या आहे आणि कोणता नवा वग बसवला आहे ते विचारतात, आणि मग सुपारी देतात. ग्रामदैवतांच्या यात्रा तिथीवर चालतात. म्हणून चैत्र-वैशाखातल्या एकाच तिथीला अनेक गावांना तमाशा हवा असतो. ज्या तिथीला यात्रा जास्त त्या तिथीचा भाव चढा, आणि मोठ्या फडाची सुपारी लाखांच्या घरात जाते. करार झाला की त्या रात्रीसाठी फड त्या गावाचा. हे सगळे बहुतांशी शब्दावर आणि थोड्या विसारावर चालत आले आहे. जगातल्या मोठमोठ्या दौऱ्यांसाठी जे काम एजंट, वकील आणि तिकीट कंपन्या वर्षभर करतात, ते नारायणगावच्या राहुट्यांत काही आठवड्यांत पार पडते.

तंबूच्या फडाचा दिवस दुपारी सुरू होतो. आदल्या गावाहून निघालेले ट्रक मैदानात येऊन लागतात. बिगारी खड्डे घेतात, खांब उभे राहतात, कनात फिरते आणि संध्याकाळपर्यंत मोकळ्या रानात एक नाट्यगृह तयार होते. भोंगा लावलेली गाडी तोवर पंचक्रोशी फिरून येते आणि आज कोणता वग आहे ते सांगते. कलावंत ट्रकच्या आडोशाला झोप काढतात. फडाचा आचारी चूल पेटवतो, कारण मोठ्या फडात शंभराहून अधिक माणसे असतात. नाचणाऱ्या बायका, गायक, सोंगाडे, ढोलकीवाले, हलगीवाले, विद्युतकाम करणारे, चालक, बिगारी, आणि त्यांच्यातल्या कितीतरी जणांची लहान मुले. रात्री खेळ, पहाटे तंबू उतरवणे आणि पुन्हा रस्ता. उद्याचे गाव पन्नास-शंभर किलोमीटरवर असते. हाच क्रम सात महिने चालतो.

यात्रेच्या सुपारीत आणखी एक काम असते, ते म्हणजे हजेरी. रात्रभर तमाशा करून झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी फडाने पुन्हा गावासमोर उभे राहायचे, गाणी आणि सवाल-जवाब करायचे. हजेरी संपली की दुपारी कुस्त्यांचा आखाडा. रात्री पाय थकेपर्यंत नाचलेली बाई सकाळी उन्हात पुन्हा चाळ बांधून उभी राहते तेव्हा तिच्या व्यवसायातली शिस्त दिसते. ही शिस्त मला वगाइतकीच थोर वाटते.

फडाचा आणि साखरेचा हंगाम एकाच वेळी चालतो, याचे एक कारण पैशात आहे. पिकाचा पैसा आणि गावातली माणसे या काळात हलती असतात. दुसरे कारण पावसात आहे, कारण पावसाळ्यात मैदान आणि तंबू दोन्ही निकामी. पण साम्य एवढ्यावर थांबत नाही. ऊसतोड मजूर हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतो आणि सहा महिने कोयता चालवून ती फेडतो. तमाशा कलावंतही पावसाळ्यात फडमालकाकडून उचल घेतो आणि हंगामभर नाचून, गाऊन फेडतो. फडमालक स्वतः त्यासाठी सावकाराकडे हात पसरतो. एखाद्या वर्षी अवकाळी पाऊस झाला, निवडणुकीची आचारसंहिता लागली किंवा यात्रा रद्द झाल्या, की कर्जाची ही साखळी वरपासून खालपर्यंत आवळते. फडात आजवर मुख्यतः महार, मांग, कोल्हाटी, गोपाळ अशा समाजांतली माणसे उभी राहिली. गावाने त्यांच्या कलेला टाळी दिली, पण मुक्कामाला बऱ्याचदा गावाबाहेरची जागा दिली. तमाशावर लिहिताना हे सोडून पुढे जाता येत नाही.

आता त्या रात्रीकडे येऊ. सुरुवात वाद्यांनी होते. ढोलकी आणि हलगी एकमेकींना बोल देतात, तुणतुणे सूर धरून ठेवते, झांज लय बांधते. मग गण. सरदार पुढे आणि झीलकरी मागे उभे राहून गणरायाला बोलावतात. त्यानंतर गवळण. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणी, त्यांची थोराड मावशी, वाट अडवणारा कृष्ण आणि त्याचा सवंगडी पेंद्या. मावशीचे काम पुरुष करतो आणि पूर्वी तर एकट्या मावशीसाठी माणसे बैलगाड्या जुंपून येत. गवळणीतच बतावणी, म्हणजे विनोदी बोलाचाली, रंगते. मग लावण्या आणि अलीकडच्या काळात सिनेमाची गाणी घेऊन रंगबाजी येते. मध्यरात्रीनंतर वग सुरू होतो, आणि तोच तमाशाचा गाभा. उमाजी सावळजकरांचा ‘मोहना बटाव’ हा १८६५ च्या सुमाराचा वग पहिला मानला जातो. तेव्हापासून राजा-राणीच्या कथा, पुराणकथा, इतिहास, दरोडेखोरांच्या हकिकती आणि घरातले तंटे, सगळे वगात आले.

वगाची खरी नवलाई त्याच्या बांधणीत आहे. परंपरेने वगाची गोष्ट ठरलेली असते, गाणी ठरलेली असतात, प्रवेशांचा क्रम ठरलेला असतो. संवाद मात्र बरेचसे नट उभ्या उभ्या बोलतात. सोंगाड्या कोऱ्हाळ्यात उभा असेल तर कोऱ्हाळ्याच्या पारावरचे भांडण वगात येते. निमगाव केतकीला असेल तर तिथल्या पानमळ्याचे काही येते. कालव्याचे आवर्तन लांबले असेल, उसाच्या दरावरून सभा गाजली असेल, तर प्रधानजी आणि शिपायाच्या बोलण्यात ते अचूक शिरते आणि तंबू हसून कोसळतो. प्रेक्षक खालून टोकतो, सोंगाड्या त्याला वरून उत्तर देतो. कुणी खूश होऊन पैसे पुढे केले की दौलतजादा करणाऱ्याचे नाव, गाव, आडनाव सगळे ओरडून सांगितले जाते. शिट्ट्या होतात, टोप्या आणि फेटे उडतात. एका वगाचे शंभर प्रयोग झाले तर ते शंभर वेगवेगळे प्रयोग असतात. म्हणून संहिता हाती आली म्हणजे वग हाती आला असे होत नाही. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली होती. पुढे तमाशा सुधारणा समिती नेमली गेली आणि लेखी संहिता सरकारी परिनिरीक्षणासाठी देण्याची रीत आली. या निमित्ताने पुष्कळ वग कागदावर उतरले हा लाभच झाला, परंतु कागदावर उतरली ती गोष्ट. तंबूतली रात्र उतरली नाही.

या परंपरेने केवढी माणसे दिली! रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी (१८६६-१९४५) कुलकर्णीपणाचे वतन आणि घरदार सोडून फडात आले आणि पठ्ठे बापूराव झाले. हिवरगाव पावसा येथील पवळा त्यांच्या फडावर उभी राहिली आणि दोघांच्या जोडीने महाराष्ट्र वेडा केला. इंदोरीचे दादू इंदुरीकर यांचे ‘गाढवाचं लग्न’ शहरी नाट्यगृहांतही गाजले आणि १९७३ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. सांगलीजवळच्या कवलापूरचे लहू आणि अंकुश खाडे हे जुळे भाऊ ‘काळू-बाळू’ म्हणून घराघरांत पोचले. ‘जहरी प्याला’ या वगातले त्यांचे हवालदार आजही जुन्या लोकांना पाठ आहेत. तुकाराम खेडकर आणि कांताबाई सातारकर यांचा फड त्यांचे चिरंजीव रघुवीर खेडकर यांनी पुढे नेला. आणि विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. १९३५ साली पंढरपुरात जन्म, वडील आणि चुलते म्हणजे भाऊ-बापूंचा प्रसिद्ध फड, १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव. दिवस भरलेले असताना त्या नाचत होत्या, मध्येच कनातीमागे जाऊन बाळंत झाल्या आणि प्रेक्षक ओरडू लागल्यावर पुन्हा रंगमंचावर आल्या, ही हकीकत तमाशाच्या जगात सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांची अखेरची वर्षे हलाखीत गेली. १५ जानेवारी २००२ रोजी त्या वारल्या आणि २००६ पासून राज्य शासन त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देते. त्यांच्या कन्या मंगला बनसोडे यांनीही स्वतःचा फड उभा केला आणि नामांकित केला.

आता ध्वनिमुद्रणाची गोष्ट. भारतात ग्रामोफोन कंपनीचे पहिले ध्वनिमुद्रण १९०२ साली कलकत्त्यात झाले. त्या लाखेच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत. लावणी त्यात बसली. बाई सुंदराबाईंसारख्या गायिकांच्या लावण्या तबकड्यांवर आल्या आणि त्यांचा आवाज आज आपल्याला ऐकू येतो तो त्यामुळेच. पण तीन मिनिटांत बसण्यासाठी लावणीला आपली चढती लय आणि पुनःपुन्हा फिरणारा अंतरा आवरावा लागला, आणि चार तासांचा वग तर मावणेच शक्य नव्हते. पुढे सिनेमा आला. अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ १९५९ मध्ये आला आणि पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात शंभराहून अधिक आठवडे चालला. सुलोचना चव्हाण यांच्या पार्श्वगायनाने लावणी रेडिओवर आणि लाऊडस्पीकरवर राज्य करू लागली. हे सर्व थोर संगीत आहे, परंतु ते स्टुडिओतले आहे. तिथे समोर गाव नाही.

वगाला खरी जागा दिली ती कॅसेटने. १९८० नंतर कॅसेट स्वस्त झाली आणि तिच्यावर तासभर, दीड तास बोलणे मावू लागले. मग वगांच्या कॅसेटचे संच निघाले आणि एसटी स्टँडवरच्या दुकानांत, यात्रेतल्या पालांवर विकले जाऊ लागले. काळू-बाळू, दत्ता महाडिक पुणेकर, चंद्रकांत ढवळपुरीकर ही नावे अशी टेपरेकॉर्डरमधून वस्तीवर, मळ्यावर आणि ट्रकच्या केबिनमध्ये पोचली. उसाला पाणी धरणाऱ्या माणसाने बांधावर टेप ठेवून वग ऐकावा, हा या पट्ट्यातला एका पिढीचा अनुभव आहे. मराठी खेड्याच्या सांस्कृतिक इतिहासात कॅसेटचे हे स्थान मोठे आहे आणि त्याची नोंद फार थोड्यांनी घेतली. तरीही वग कॅसेटच्या मापाने कापले गेले. बतावणी आखडली, ढोलकी-हलगीचा झगडा गेला आणि खालून येणारा गावाचा आवाज बहुधा पहिल्यांदा वगळला गेला.

नेमका हाच आवाज लाइव्ह अल्बमचा प्राण असतो. मोठ्या मैफलीत प्रत्येक गळा आणि प्रत्येक वाद्य वेगळ्या मार्गिकेवर नोंदवतात. त्याशिवाय काही मायक्रोफोन फक्त प्रेक्षकांकडे तोंड करून लावलेले असतात. एकाच दौऱ्यातल्या अनेक रात्री मुद्रित करून त्यांतल्या चांगल्या निवडतात, मग गाणे आणि गर्दी यांचे प्रमाण जुळवतात. गर्दी काढून टाकली तर उरते ते स्टुडिओतल्यापेक्षा कच्चे गाणे. गर्दी ठेवली तर ऐकणारा त्या मैदानात जातो. १ ऑगस्ट १९७१ ला न्यू यॉर्कला झालेल्या बांगलादेश मैफलीच्या मुद्रणात पंडित रविशंकर आणि उस्ताद अली अकबर खाँ यांनी नुसती वाद्ये जुळवली तरी लोक टाळ्या वाजवतात, तेही त्यात ऐकू येते. पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या प्रेक्षकांचा भाबडेपणा आणि उत्सुकता दोन्ही त्या काही क्षणांत टिकून राहिली आहेत.

बीटीएसच्या ज्या दौऱ्याचा अल्बम निघाला, त्याच दौऱ्यात गर्दीच्या आवाजाची किंमत विलक्षण रीतीने कळली. १०, १२ आणि १३ मार्च २०२२ ला सोलच्या ऑलिंपिक स्टेडियमवर कार्यक्रम झाले तेव्हा करोनाच्या नियमांमुळे ओरडायला, गायला बंदी होती. दर दिवशी पंधरा हजार माणसे घडीच्या कागदी पट्ट्या आपटून दाद देत होती. एरवी कोरियन गटांच्या चाहत्यांनी कोणत्या ओळीनंतर कोणाचे नाव पुकारायचे हे ठरलेले असते आणि ते पुकारणे गाण्याचाच भाग होऊन बसते. ते नसताना गायकांना समोरचे मैदान भरलेले दिसत होते, पण कानावर फक्त त्या पट्ट्यांचा आवाज येत होता. पुढच्याच महिन्यात लास वेगासला तोंडे मोकळी झाली आणि तेच कार्यक्रम पुन्हा पूर्ण झाले.

कोरियाला ही जाण पॉप संगीताने दिलेली नाही. तिची मुळे तिथल्या खेड्यांत आहेत. पान्सोरी ही तिकडची कथागायनाची कला. एक गायक किंवा गायिका, हातात पंखा, शेजारी ढोलवादक, आणि एक कथा तासन् तास, पूर्ण सांगितली तर आठ तासांपर्यंत. ढोलवादक आणि प्रेक्षक मधूनमधून मोठ्याने दाद देतात. त्या दादेशिवाय पान्सोरी पुरी होत नाही असे तिथले जाणकार मानतात. नामसादांग हे तिथले भटके पथक गावोगाव फिरून ढोल, दोरीवरच्या कसरती, मुखवट्यांचे नाट्य आणि बाहुल्यांचा खेळ करत असे. समाजात खालचे स्थान असलेली ही माणसे गावाबाहेर थांबत. आपल्या फडाशी असलेले साम्य पाहून मन हेलावते. कोरियाने १९६२ साली सांस्कृतिक वारसा रक्षणाचा कायदा केला, १९६४ साली पान्सोरी आणि नामसादांग या दोन्ही कला राष्ट्रीय वारसा म्हणून नोंदवल्या आणि निवडक कलावंतांना शिष्य घडवण्यासाठी मानधन सुरू केले. पुढे युनेस्कोने २००३ मध्ये पान्सोरीला आणि २००९ मध्ये नामसादांगला मानवजातीच्या वारशात स्थान दिले. पान्सोरी गाणाऱ्या भटक्या कुटुंबावरचा ‘सोप्योन्जे’ हा सिनेमा १९९३ साली आला आणि एकट्या सोल शहरात दहा लाखांहून अधिक तिकिटे विकणारा पहिला कोरियन चित्रपट ठरला. आपल्याकडे २०१० च्या पहिल्या दिवशी आलेल्या ‘नटरंग’नेही तमाशाला नवी गर्दी दिली. त्या गर्दीचा मोठा भाग गाण्यांसोबत ऑर्केस्ट्राकडे गेला, फडाच्या तंबूकडे फार थोडा आला.

फडांची आजची अवस्था बिकट आहे. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकावर निर्बंध आल्यापासून, विशेष परवानगीचे मोजके दिवस सोडले तर, पहाटेपर्यंत चालणारा वग दोन-अडीच तासांत आटोपावा लागतो. गण-गवळण घाईने उरकते, बतावणीला वेळ उरत नाही आणि लोकांना आधी गाणी हवी असतात. त्यावर करोना आला. २०२० चा गुढीपाडवा २५ मार्चला होता, आणि देशभर टाळेबंदीचा पहिला दिवसही तोच. नारायणगावच्या सुपाऱ्यांचा ऐन मोसम, आणि महाराष्ट्रात एकही यात्रा होणार नव्हती. बीटीएसचा एप्रिल २०२० मध्ये सोलहून निघणारा जागतिक दौराही त्याच वसंतात थांबला आणि पुढे रद्द झाला, पण त्यांच्यामागे कंपनी, अल्बम आणि ऑनलाइन मैफली होत्या. फडांमागे उचलीचे कर्ज होते. २०२१ च्या यात्राही गेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात कांताबाई सातारकर करोनाने गेल्या. वयोवृद्ध कलावंत असे एकेक जात असताना त्यांच्याबरोबर पाठ असलेले वग, चाली आणि बतावणीच्या शेकडो जागाही जात आहेत.

म्हणून मुद्रणाचे काम तातडीचे आहे, आणि ते अशक्य मुळीच नाही. याच पुणे जिल्ह्यात त्याचा वस्तुपाठ आहे. गी पोइटविन आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह १९८० च्या दशकात मुळशी भागातून जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. पुढे राज्यभरच्या हजारावर गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या, त्यांतल्या कित्येक बायकांच्या आवाजात मुद्रित झाल्या आणि आज त्या सर्वांना ऐकायला खुल्या आहेत. दळता दळता गाणाऱ्या, कधीही कोणापुढे न गायलेल्या बायकांचा आवाज इतक्या निगुतीने जपता येतो, तर हजारोंपुढे गाणाऱ्या फडाचा का नाही?

त्यासाठी काय लागेल ते नेमके सांगता येते. ढोलकी, हलगी, तुणतुणे आणि झांज यांना वेगवेगळे मायक्रोफोन, कारण एकाच मायक्रोफोनवर हलगी बाकी सगळ्यांना गिळते. सरदार आणि झीलकरी यांना स्वतंत्र. सोंगाड्या रंगमंचभर हिंडतो, त्याला अंगावर लावायचा. प्रेक्षकांकडे तोंड केलेले दोन, एक पुढच्या बैठकीजवळ आणि एक मागे कनातीपाशी, म्हणजे टोकणाराही ऐकू येईल. एक वग एकदा मुद्रित करून भागणार नाही. तोच वग तीन-चार गावांत नोंदवायला हवा, म्हणजे सोंगाड्याने कोणत्या गावात काय बदलले ते अभ्यासकाला कळेल. सकाळची हजेरी वगळू नये. सोबत फडातल्या प्रत्येकाचे नाव, वाद्य, गुरू आणि गाव यांची नोंद हवी आणि मुद्रणाचे मानधन फडाच्या हाती रोख पडायला हवे, उचलीतून वळते होता कामा नये. मुद्रणावरचा हक्कही फडाचाच असावा.

सध्या गावातली पोरे मोबाइल वर धरून जमेल तसे चित्रण करतात आणि यूट्यूबवर टाकतात. त्यांच्यामुळेच अनेक फडांच्या अलीकडच्या रात्री उरल्या आहेत, म्हणून त्यांचे ऋण मानायला हवे. पण मोबाइलच्या मायक्रोफोनवर भोंग्याचा आवाज फाटतो, गाण्यापुरतेच चित्रण होते आणि वग सुरू झाला की बॅटरी संपलेली असते. नीरा खोऱ्यात हे काम सुरू करायला चांगली जागा सोमेश्वरनगर आहे. कारखाना आहे, मु. सा. काकडे महाविद्यालय आहे, करंज्याच्या सोमेश्वराचे देवस्थान आहे आणि आसपास चैत्र-वैशाखात यात्रा भरणारी गावे आहेत. गुढीपाडव्याला पंच नारायणगावच्या राहुटीत सुपारी द्यायला जातील तेव्हा महाविद्यालयातली दोन मुलेही त्यांच्यासोबत जावीत. तारीख ठरतानाच फडमालकाशी मुद्रणाचे बोलणे व्हावे, मानधन त्याच वहीत लिहिले जावे आणि पहिल्या वर्षी पाच गावांतला एकच वग, गणापासून हजेरीपर्यंत, न कापता नोंदवला जावा.